प्रेमभंगाचा प्रयोग: ऑपेरा, कथक आणि नाटक एका रंगमंचावर नांदतील का?

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात तासाभराचा एक प्रयोग बसवायचा घाट घातला आहे. गाभा हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड एनियस' या ऑपेराचा. कार्थेजची राणी डायडो, ट्रॉयहून आलेला एनियस, चेटकिणींचा डाव, त्याचं निघणं आणि तिचा शेवट. गाणी मूळ इंग्रजीत, मधलं गद्य मराठीत. एक सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), एक बॅरिटोन (मधल्या-खालच्या आवाजाचा गायक), तीन कथक नर्तकी, एक समकालीन नर्तक, चार तंतुवाद्यं, तबला आणि हार्पसिकॉर्डच्या (पियानोआधीचं तारांचं वाद्य) आवाजाचा कीबोर्ड.

अडलंय ते इथे:
१) डायडो गाणारीनेच नाचून-अभिनय करून उभी करावी, की पात्र गायिका आणि नर्तकीत वाटावं?
२) शेवटच्या विलापाला कथक चालेल का? चालत असेल तर कुठल्या तालात?
३) नाट्यगृह कुठलं? माइक लावावेत का?

'हे कशाला करताय' हा प्रश्न घरी विचारून झाला आहे. तो सोडून काहीही लिहा.

उगाचच

पॉपकॉर्न घेऊन बसलो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिहाई_तीनदा

पहिल्याचं उत्तर: वाटा. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशनी १९७५ मध्ये वुपर्टालला ग्लुकच्या 'ऑर्फियस' या ऑपेरात हेच केलं. प्रत्येक मुख्य पात्राला एक गायक आणि एक नर्तक, दोघेही रंगमंचावर. अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिसनी तर १९८९ ला ब्रसेल्समध्ये हाच 'डायडो' करताना गायकांना पिटात (रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात) बसवलं आणि डायडो व चेटकीण दोन्ही स्वतः नाचला. म्हणजे दोन टोकं आहेत: गाणारी दिसते किंवा दिसत नाही. मधली वाट, म्हणजे गाणारीने थोडंफार नाचायचं, ती सगळ्यात फसवी.

कारण श्वास. चक्करांची एक लड घेतली की छाती वरवर चालते आणि ऑपेराच्या लांब ओळीला लागणारा खालचा श्वास मिळत नाही. गाणारीला हालचाल द्यायचीच असेल तर ओळ सुरू होण्याआधी निदान वीस-तीस सेकंद तिला स्थिर ठेवा. उताणं पडून गाता येतं, चालत गाता येतं, गुडघ्यावर बसूनही जमतं. कमरेत वाकून किंवा मान मागे टाकून मात्र नाही. स्वर पहिल्यांदा तिथेच चिरकतो.

पायपेटी

असहमत. गाणारा नट ही आपली दीडशे वर्षांची वहिवाट आहे. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये याच गावात उभं राहिलं, आणि पतीने भर दरबारात नाकारलेली शकुंतला गात होती तीही नटाच्याच गळ्यातून. पात्र दोघांत वाटणं म्हणजे नसते लाड. गायिकेला अभिनय येत नसेल तर शिकवा.

तिहाई_तीनदा

@पायपेटी, मुद्दा मान्य, पण नाट्यपदात साथ गायकामागे चालते. दम लागला तर तो एक ठेका जाऊ देतो, ऑर्गन भरून काढतो, लोक वाहवा म्हणतात. पर्सेलच्या विलापात खालचा चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) कुणासाठी थांबत नाही. शिवाय आपला गायक नट पद उभ्यानेच म्हणायचा, नाचत नव्हे. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे!

पायपेटी

हं. नाचाचं मान्य. अभिनयाचं नाही.

पांढरीपाच

दुसऱ्या प्रश्नाकडे. विलाप जी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी). (आयडीमुळे मी पक्षपाती आहे असं म्हणा.) खाली चेलो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो. ती आपल्या स्वरांत लिहितो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग कोमल ग, म, प आणि परत सा. पहिला भाग पेटीवर सावकाश वाजवून बघा. दोन्ही नी आणि दोन्ही ध लागोपाठ, वरून खाली. आपल्या रागांत अशी रांग सहसा येत नाही, म्हणून कान प्रत्येक पायरीवर अडखळतो. दुःख तिथे आहे. त्यामुळे कृपया कुणी 'हे अमुक रागात बसवू' असं सुचवू नका. राग लावला की यातला एक नी आणि एक ध जाणार आणि उरेल ते सभ्य भावगीत. पेटीवाल्याने मींड (स्वरावरून स्वरावर घसरणं) किंवा कणही (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) घालू नयेत. पायऱ्या पायऱ्याच राहू द्या.

आता मोजणी. ओळ पाच मापांची, प्रत्येक मापात तीन मोठ्या मात्रा, म्हणजे एक आवर्तन १५ मात्रांचं. दोन्ही भागांची पुनरावृत्ती घेतली तर अशी ११ आवर्तनं होतात: पहिलं फक्त वाद्यांचं, मधली आठ गळ्याची, शेवटची दोन पुन्हा वाद्यांची. एकूण १६५ मात्रा. मिनिटाला ४५ मात्रांची लय धरली तर ३ मिनिटं ४० सेकंद. रेकॉर्डिंगं याच्या अलीकडे-पलीकडेच असतात.

तिहाई_तीनदा

पंधरा मात्रा!! अहो मग पंचम सवारी हा पंधरा मात्रांचा ताल आयता हातात आहे.

पांढरीपाच

मला हीच भीती होती. :) पंचम सवारीचे विभाग तीन-चार-चार-चार. पर्सेलचे तीन-तीन-तीन-तीन-तीन. बेरीज जुळते, वजन जुळत नाही. ठेका वाजला तर चौथ्या मात्रेच्या पुढे प्रत्येक टाळी चेलोच्या मापाशी भांडणार. दुसरं, गाण्याची ओळ आवर्तनाच्या शेवटी संपतच नाही. ती पुढच्यात घुसते. म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चेलोची आहे, गळ्याची नाही. कथकवाल्यांचा हात आपसूक गायिकेच्या शब्दावर समेला येतो आणि मग तीन आवर्तनांनंतर कुणालाच आपण कुठे आहोत ते कळत नाही. तालमीत नर्तकींनी 'एक-दोन-तीन' पाचदा मोजायचं आणि फक्त चेलो ऐकायचा. मॉनिटर स्पीकर असेल तर त्यातही चेलोच द्या.

तिहाई_तीनदा

बरं, विलापाला ठेका नको. पण मग तबला घेताय कशाला?

जुना_प्रॉम्प्टर

तबल्याची जागा या ऑपेरातच मोकळी पडली आहे. याचा सर्वात जुना ठाऊक असलेला प्रयोग १६८० च्या दशकातला, लंडनजवळ चेल्सीला जोसायस प्रीस्टच्या मुलींच्या शाळेत. हा प्रीस्ट नृत्यशिक्षक, त्यामुळे संहितेत नृत्याच्या जागा भरपूर आहेत आणि त्यांतल्या काहींचं संगीत आज हाती नाही. दोन ठिकाणी तर गिटारवर फिरत्या खर्जाचं नृत्य एवढीच सूचना आहे. वादक ते जागीच रचत असावेत. म्हणजे काय? आपला लेहराच की, म्हणजे नाचाखाली आवर्तनभर फिरत राहणारी धून. या दोन जागी चेलो किंवा गिटारवर आठ मात्रांचा लेहरा धरा, वर तबला आणि तिन्ही नर्तकी, तीन-तीन मिनिटं. तोडे, परण, तिहाई, हवं ते करा. पहिल्या अंकात दरबाराचा आनंद, दुसऱ्यात शिकार. वादळ तिथून पुढे येतंच. तबला पांढरी पाचला चढणारा, लहान तोंडाचा घ्या. आधी एवढं तुटून नाचलेल्या पायांनी विलापात फक्त उभं राहायचं. मग त्या उभं राहण्याला किंमत येते.

दुसरं, अभिनयाचं. कथकमध्ये दुःखी बाई म्हटली की विरहिणी बाहेर येते: वाट पाहणं, दाराशी जाणं, पाऊलवाटेकडे बघणं, सखीला विनवणं. डायडो यातलं काहीच करत नाही. एनियस शेवटी म्हणतो की देवाची आज्ञा मोडून थांबतो, आणि तीच त्याला हाकलते. सोडून जायचा विचार एकदा मनात आला एवढंच तिला पुरतं. म्हणजे ती विरहोत्कंठिता (वाट बघणारी नायिका) नाही, कलहांतरिताही (भांडून मग पस्तावणारी) नाही, कारण पश्चात्ताप नाही. खंडितेचा (प्रियकराने दुखावलेल्या, रागावलेल्या नायिकेचा) ताठा आणि त्यानंतरचा रिकामेपणा, बस. नर्तकीने एकदाही विंगेकडे, तो गेला त्या दिशेला, बघायचं नाही. हे एवढं पाळलं तरी अर्धा प्रयोग सावरेल. स्वर खाली उतरतो म्हणून नर्तकी हळूहळू खाली बसते, हा प्रकारही नको. कान आणि डोळे एकच गोष्ट सांगायला लागले की दोन्ही कंटाळवाणे होतात.

मंद्रसप्तक

प्रॉम्प्टर काका, साष्टांग दंडवत. लेहऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

कोथरूडची_चिमणी

जर्मन नृत्यदिग्दर्शिका साशा वॉल्ट्झनी २००५ ला हाच 'डायडो' केला तेव्हा सुरुवातीला नर्तक पाण्याच्या काचेच्या टाकीत पोहत होते. तसं काही?

विंगेतला

हिशेब करा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर उंच टाकी म्हणजे सहा घनमीटर, म्हणजे सहा टन पाणी, काच आणि सांगाडा वेगळा. कुठल्याही लाकडी रंगमंचाखाली ते पेलायला काय आहे हे आधी विचारा.

उगाचच

आणि पुण्यात गुरुवारी प्रयोग असेल तर पाणी बंद.

विंगेतला

आता खरं बोलू. सगळ्यात आधी जमीन. समकालीन नर्तक लोळणार, पडणार. त्याला व्हिनाइलचा (मऊ प्लॅस्टिकच्या चादरीचा) डान्स फ्लोअर लागतो. कथकवालीला लाकूड हवं, कारण व्हिनाइलवर तत्कार (पायांनी वाजवायचे बोल) बसका वाजतो आणि घुंगरांनी व्हिनाइलवर ओरखडे पडतात ते वेगळं. दोन्ही एकत्र हवं असेल तर मागचा दोन-तृतीयांश भाग व्हिनाइल आणि पुढची पट्टी लाकडाची उघडी, तत्कार तिथेच. व्हिनाइलच्या पट्ट्या प्रेक्षकांना समांतर, आडव्या टाकायच्या, उभ्या नव्हे. उभ्या जोडांवर उजेड पडला की रेल्वेचे रूळ दिसतात. रोल आदल्या रात्री उलगडून ठेवता आले तर उत्तम, नाहीतर कडा वळलेल्या राहतात आणि पाय अडकतो. टाकण्याआधी अख्ख्या रंगमंचावरून हात फिरवा. नेपथ्याचे खिळे आणि स्टेपलरच्या पिना फळ्यांत राहिलेल्या असतात, व्हिनाइलमधून वर येतात आणि अनवाणी पायात जातात.

वेळ: नाट्यगृहांत सत्रं साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ. रात्रीचं सत्र घेतलंत तर संध्याकाळचं नाटक सुटल्यावर त्यांचं नेपथ्य बाहेर जाईतो तुम्ही विंगेत उभे. फ्लोअरला दीड तास, दिवे फोकस करायला दोन तास, वादकांचा आवाज लावायला अर्धा-पाऊण तास. हे एका सत्राच्या फटीत बसत नाही. दुपार आणि संध्याकाळ अशी लागून दोन सत्रं घ्या, दुपारी तांत्रिक तालीम, संध्याकाळी प्रयोग. भाडं दुप्पट, पण दिवे न लावता प्रयोग करण्यापेक्षा स्वस्त.

दिवे: नाटकाचे दिवे समोरून, नाचाचे बाजूने. विंगेत स्टँडवर गुडघा, कंबर आणि डोकं अशा तीन उंचींवर दिवे लावा. अंगाचा घाट त्यानेच दिसतो. पण मग त्या विंगेतून धावत आत-बाहेर करणं बंद. नृत्यदिग्दर्शकाला हे पहिल्या आठवड्यातच सांगा, नाहीतर शेवटच्या तालमीत स्टँड आडवा होतो. गायिकेच्या तोंडावर मात्र समोरून ऊबदार उजेड ठेवा, कारण तोंड दिसलं की शब्द जास्त कळतात.

पांढरीपाच

माइकबद्दल. ऑपेराचा कमावलेला आवाज वाद्यांच्या वर ऐकू येतो तो साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेल्या ताकदीमुळे. घुंगरांची किणकिणही वरच्याच पट्टीत पसरते. म्हणून गाणं चालू असताना घुंगरू नकोत, आवाज कितीही मोठा असला तरी. मखमली पडदे आणि विंगा हा आवाज पिऊन टाकतात. गायिकेला मुख्य पडद्याच्या रेषेच्या पुढे उभं करा आणि जमलं तर तिच्यामागे कापडाऐवजी प्लायवूडचं नेपथ्य ठेवा. पंखे आणि एसीची घरघर विलापापुरती थांबवता येते का ते व्यवस्थापकाला आधी विचारून घ्या.

मोठ्या नाट्यगृहात फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे) लावणारच असाल तर ते स्पंजवर ठेवा आणि तत्काराच्या वेळी बंद करा, नाहीतर प्रत्येक पाऊल तोफेसारखं. नर्तकाला बोलायचं असेल तर हेडसेट, पण ट्रान्समीटर कमरेला नको. पहिल्याच लोळणीत तो मोडतो किंवा मणक्याला लागतो. दंडावर पट्टीने किंवा आंबाड्यात. घामाने कॅप्सूल (माइकचं टोक) भरली की आवाज अचानक बुडतो, म्हणून ती गालावर न लावता केसांच्या रेषेत लावा.

आणखी एक. बरोक (पर्सेलच्या काळातल्या) संगीताची बरीच रेकॉर्डिंगं जुन्या खालच्या पट्टीत, ए म्हणजे ४१५ हर्ट्झवर असतात. तिथे हाच विलाप काळी तीनला ऐकू येतो. तालीम रेकॉर्डिंगवर आणि प्रयोग ४४० च्या, म्हणजे आजच्या पट्टीच्या, कीबोर्डवर केलात तर गायिकेला ऐन वेळी अर्धा स्वर वर जावं लागेल. पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळ्यांना सांगा.

शनिवारपेठी

मग बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण बाद. माइकशिवाय गायचं तर लहान जागा: सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह किंवा द बॉक्स. सुदर्शनला लोक इतके जवळ की गायिकेचा श्वास ऐकू येतो. या विषयाला तेच हवं.

विंगेतला

सुदर्शनला बारा माणसं आणि सहा वाद्यं? सम कुणाच्या मांडीवर?

शनिवारपेठी

वादक खाली एका बाजूला, पहिली रांग काढून टाकायची. आमच्या पेठेत जागा नाही म्हणून काही अडलंय का कधी!

आलाप_विलाप

एक मिनिट. सगळे तबल्यावर आणि टाकीवर बोलताय. या ऑपेरात कोरस (समूहगान) आहे. दरबारी, चेटकिणी, खलाशी, आणि विलापानंतरचा शेवटही कोरसचाच आहे, चार आवाजांचा. धागाकर्तीच्या यादीत सोप्रानो आणि बॅरिटोन. बाकीचे कोण गाणार, प्रेक्षक?

मंद्रसप्तक

कोरस कापायचा विचार होता…

आलाप_विलाप

शेवटचा कापलात तर विलाप लोंबकळत राहील. चेटकिणींचे कोरस खुशाल मराठी गद्यात घ्या, तिथे नाटकवाल्यांना खेळायला मिळेल. पण शेवटच्या कोरससाठी चार गळे हवेतच. डायडोची सखी बेलिंडा (सोप्रानो), चेटकीण (मेझो, म्हणजे त्याखालचा स्त्रीचा आवाज) आणि एक खलाशी (टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज) असे तिघे आणखी घ्या. एनियस खालचा आवाज धरेल. डायडो तेव्हा मेलेली असल्यामुळे तिला सुट्टी. पुण्यात टेनर मिळेना तर चर्चच्या क्वायरांमध्ये विचारा, चार आवाजांत वाचून गाणारी माणसं तिथे नियमित तालीम करतात.

जुना_प्रॉम्प्टर

+१. आणि मराठी उपशीर्षकं लावणार असाल तर एका वेळी दोनच ओळी, कमानीच्या वर किंवा बाजूला. विलापात चारच वाक्यं फिरून फिरून येतात. प्रत्येक वेळी दाखवू नका. पहिल्यांदा दाखवा, मग रिकामं ठेवा, लोक बाईकडे बघतील. प्रोजेक्टरचा 'काळा' हा करडाच असतो, म्हणून भिंगापुढे सरकवायला काळा पुठ्ठा आणि तो धरायला माणूस ठेवा. कळ दाबणाऱ्याला नोटेशन वाचता आलं पाहिजे. शब्द ऐकून दाबणारा कायम अर्धं वाक्य मागे असतो.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉरकडे) पाठवताना गद्याबरोबर इंग्रजी गाणी आणि त्यांचा अर्थही जोडा.

कोथरूडची_चिमणी

शेवटासाठी कल्पना: वाद्यांच्या शेवटच्या दोन आवर्तनांत नर्तकी खाली बसून सावकाश घुंगरू सोडते…

तिहाई_तीनदा

नको नको नको. कथकच्या प्रत्येक तिसऱ्या 'थीम बेस्ड' कार्यक्रमाचा शेवट हाच असतो. शिवाय शंभर घुंगरांची दोरी सोडताना जो खळखळाट होतो तो नेमका सगळ्यात हळू वाजणाऱ्या व्हायोलिनवर येतो. घुंगरू दुसऱ्या अंकानंतर विंगेतच उतरवा. बांधायला-सोडायला प्रत्येक पायाला दोन-तीन मिनिटं लागतात, त्या वेळेत मराठी गद्याचा प्रवेश टाका. पट्ट्यावर शिवलेले घुंगरू असतील तर आणखी लवकर.

पायपेटी

टाळ्यांचं काय करणार? पुणेकर विलाप संपला की वाजवणारच. एखादा वन्समोरही देईल, आणि देऊ दे.

पांढरीपाच

इथे नको. विलापाच्या शेवटच्या स्वरावरून कोरस लगेच उचलायचा आहे. टाळ्या कशाने पडतात? अंधाराने आणि वादकाने हात खाली घेतल्याने. म्हणून उजेड तसाच, वादकांचा गज तारेवरच आणि कोरसचे चौघे विलापाच्या दहाव्या आवर्तनापासून दिसतील असे उभे. तरी एखादा वाजवेल, वाजवू दे. चेलोवाल्याने थांबायचं नाही.

पायपेटी

म्हणजे वन्समोर नाहीच? मग कसलं संगीत नाटक.

मंद्रसप्तक

आतापर्यंतचं ठरलेलं: डायडो दोघींत वाटायची. गायिका उभी, पुढे, लाकडी पट्टीवर. नर्तकी मागे व्हिनाइलवर, आणि दोघींनी एकमेकींकडे फक्त एकदा, एनियसला हाकलताना बघायचं. तबला दोन लेहऱ्यांपुरता. विलापाला ना ठेका, ना घुंगरू. आणखी तीन गळे शोधायचे. जागेचं अजून शनिवार पेठ विरुद्ध दोन सत्रांचं भाडं असं चालू आहे.

एक राहिलं: व्हिनाइल आणि लाकूड जिथे भेटतं त्या कडेला नर्तक ठेचकाळणार नाही का?

विंगेतला

कडेला नेहमीची चिकटपट्टी नको, ती घामाने सुटते. डान्स फ्लोअरसाठीची रुंद व्हिनाइल टेप मिळते, ती निम्मी व्हिनाइलवर आणि निम्मी लाकडावर, एका माणसाने ताणून धरायची आणि दुसऱ्याने कापडाने घासत जायची. रंग फ्लोअरचाच घ्या. पांढरी लावलीत तर सगळा प्रयोगभर लोक ती रेघच बघतील.